जठर लहान झाल्यानंतरची भूक

वजन कमी करण्यासाठी जठरावर जी शस्त्रक्रिया केली जाते आणि जी आता बेरिॲट्रिक सर्जरी या नावाने मराठी वाचकांच्याही ओळखीची झाली आहे, तिच्याविषयीचे बहुतेक लेखन शस्त्रक्रियेच्या निर्णयापाशी सुरू होते आणि वजन उतरल्याच्या आनंदापाशी थांबते. त्यानंतरच्या वर्षांबद्दल फारसे बोलले जात नाही. विशेषतः उतरलेले वजन हळूहळू परत चढू लागते आणि ज्या खाण्यापासून सुटका झाली असे वाटले होते ते निराळ्या रूपाने परत येते, त्या काळाबद्दल. रुग्ण बोलत नाहीत कारण त्यांना लाज वाटते, घरचे बोलतात ते बहुधा टोचून, आणि रुग्णालयाशी असलेला संबंध तोवर सैल झालेला असतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सुरू झालेल्या जादा खाण्याला जबाबदार कोण, आणि त्या जबाबदारीचा हिशेब कोणी, कोणापुढे आणि कशा रीतीने द्यायचा, हा प्रश्न त्यामुळे मोकळेपणाने कधी विचारलाच जात नाही.

या प्रश्नाचा विचार करायचा तर शस्त्रक्रियेने शरीरात नेमके काय बदलते हे आधी पाहावे लागते. जगभर सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा बाहेरच्या वक्राकडचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. ‘गॅस्ट्रिक बायपास’ हा त्याहून जुना प्रकार असून त्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला गेला होता त्यांचे वजन उतरते, असे शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आले होते. त्यावरूनच अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी बायपासचा पहिला प्रयोग केला. निरोगी माणसाचे जठर जेवणाच्या वेळी ताणून लिटरभर किंवा त्याहून अधिक सामावून घेऊ शकते, हे लक्षात घेतले की शस्त्रक्रियेनंतर तीन-चार चमचे मुगाच्या खिचडीने पोट तुडुंब का वाटते ते कळते.

परंतु जागा कमी होणे हा बदलाचा केवळ अर्धा भाग आहे. १९९९ मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधून काढले. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप पोहोचवणारे द्रव्य. घ्रेलिन हे मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि मेंदूला भूक लागल्याचे कळवते. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग निघून जातो. शिवाय दोन्ही प्रकारांत अन्न आतड्यात लवकर उतरत असल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी ‘जीएलपी-१’ सारखी संप्रेरके जेवणानंतर कितीतरी अधिक प्रमाणात स्रवतात. याचा परिणाम म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष अनेकांना भूक लागतच नाही. जेवणाची वेळ झाली हे घड्याळ पाहून ठरवावे लागते, आणि आयुष्यभर अन्नाच्या विचाराने व्यापलेले मन पहिल्यांदाच मोकळे होते. डॉक्टर मंडळी या काळाला ‘हनिमून पीरियड’ म्हणतात. त्या काळातले समाधान खरे असते. फक्त त्यात रुग्णाच्या निग्रहाचा वाटा जेवढा दिसतो तेवढा नसतो, आणि पुढे हा काळ सरल्यावर जे घडते त्यात त्याच्या दोषाचा वाटाही जेवढा मानला जातो तेवढा नसतो.

स्वीडनमध्ये १९८७ साली लार्स शोस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ जणांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी राहिले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष या उपचाराच्या बाजूचा भक्कम पुरावा मानले जातात. त्याच अभ्यासातले वजनाचे आकडेही तितकेच बोलके आहेत. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलो वजनाचा माणूस साधारण ८२ किलोपर्यंत आला आणि पुढे हळूहळू ९० किलोवर जाऊन थांबला, असे सरासरीचे चित्र आहे. यातली आठ किलोंची चढण ही उपचाराच्या नेहमीच्या वाटचालीचाच भाग आहे, तरीही रुग्ण तिच्याकडे स्वतःचा गुन्हा म्हणून पाहतो आणि पहिल्या दोन किलोंनाच घाबरून वजनकाट्यावर उभे राहणे सोडून देतो. अर्थात सरासरीच्या आकड्याआड अशीही माणसे असतात की ज्यांचे वजन जवळजवळ मूळ पदावर जाते, आणि प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्या वाट्याला येणाऱ्या झगड्याविषयी आहे.

हा झगडा बाहेरच्या माणसाला समजत नाही, कारण एवढ्याशा जठरात जादा खाणे मावते तरी कसे, असे त्याला वाटते. एका बैठकीत मावत नाही हे खरेच आहे. पण दिवसभरात मावते. शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्याचा जो प्रकार अभ्यासकांना वारंवार आढळला त्याला इंग्रजीत गुरांच्या चरण्यावरून नाव दिलेले आहे, आणि पोर्तुगालमधील मानसशास्त्रज्ञ एव्हा कॉन्सेसाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याची नेटकी व्याख्या सुचवली: थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, न ठरवता आणि भुकेशी संबंध नसताना खात राहणे. मराठी घरात यालाच येता-जाता तोंडात टाकणे म्हणतात, आणि ते कोणी खाणे म्हणून मोजतच नाही. स्वयंपाक ज्या बाईच्या हाती असतो तिच्या दिवसाकडे या दृष्टीने पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. पोहे परतताना मीठ बघण्यासाठी घेतलेला चमचा, मुलाच्या डब्यातून परत आलेला अर्धा पराठा, सासऱ्यांनी ताटात ठेवलेली वाटीच्या तळाची खीर, दुपारी भांडी आवरताना पातेल्याला चिकटलेला भात, चारच्या चहाबरोबर खारी, आणि रात्री ओट्यापाशी उभ्याने संपवलेली दोन घास भाजी, कारण एवढ्याशा भाजीसाठी डबा कुठे काढायचा. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण त्याचा भार ज्या एका पोटावर पडत आला ते पोट आता लहान केलेले आहे, ही गोष्ट घरातल्या कोणाच्याच ध्यानात राहत नाही, आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्याही राहत नाही.

याला शरीराकडून आणखी एक अडचण येऊन मिळते, जिची पूर्वकल्पना रुग्णांना सहसा पुरेशी दिली जात नाही. आहारतज्ज्ञ ज्या अन्नाचा आग्रह धरतात, म्हणजे स्नायू टिकावेत म्हणून दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने मिळतील असे अन्न, ते घट्ट आणि चावावे लागणारे असते. उसळ, पनीर, चिकन किंवा कोरडी पोळी नीट चावली गेली नाही तर छातीत अडकल्यासारखी होते, तोंडाला पाणी सुटते, कधी उलटून पडते. उलट चहात बुडवलेले बिस्किट, वेफर, शेव, शिरा, श्रीखंड, आइस्क्रीम हे पदार्थ विरघळून अलगद खाली उतरतात आणि काही मिनिटांत पुन्हा जागा करून देतात. जे खायला हवे ते त्रास देते आणि जे टाळायला हवे ते सुख देते, अशा उलट्या शिकवणीत शरीर दिवसातून चार-पाच वेळा सापडते. बायपास झालेल्यांपैकी काहींना गोड खाल्ल्यावर धडधडणे, घाम, पोटात कळा, जुलाब असा ‘डंपिंग’ नावाचा त्रास होतो आणि तो आपोआप पथ्य पाळायला लावतो, असे म्हटले जाते. पण तो सर्वांना होत नाही, ज्यांना होतो त्यांचाही अनेकदा काळानुसार कमी होतो, आणि त्रासाच्या भीतीवर उभारलेले पथ्य ती भीती ओसरताच कोसळते.

त्याहून खोल जखम आहे ती खाण्यावरचा ताबा सुटल्याच्या अनुभवाची. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अनावर खाण्याच्या झटक्यांचे वर्णन प्रथम केले, आणि २०१३ मध्ये ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकी मनोविकार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या वर्गीकरणात मान्य झाला. त्याच्या निकषांत, थोड्या वेळात इतरांहून निश्चितच जास्त अन्न खाल्ले जाणे, अशी एक अट आहे. जठर लहान झालेल्या माणसाच्या बाबतीत ही अट पूर्ण होऊच शकत नाही. तो चार बिस्किटेच खाऊ शकतो. मात्र ती चार बिस्किटे खाताना आपण थांबू शकत नाही, हात आपला राहिलेला नाही, ही जी भावना पूर्वी पुडाभर बिस्किटांच्या वेळी होती ती तशीच्या तशी असते, आणि शस्त्रक्रियेनंतर ती ज्यांना जाणवते त्यांचे वजन कमी उतरते असे अभ्यासांतून दिसून आले आहे. निकषाच्या चौकटीत बसत नाही म्हणून तिची नोंद होत नाही, आणि चार बिस्किटांसाठी काय रडायचे, असे म्हणून घरातही तिची वासलात लावली जाते. वास्तविक पाहता अशा माणसाला मानसोपचाराची गरज असते आणि विचारांच्या साखळ्या तपासून वर्तन बदलण्याची जी उपचारपद्धती ‘सीबीटी’ म्हणून ओळखली जाते तिचा अशा विकारांत चांगला उपयोग होतो.

आता जबाबदारीच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. त्याची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्यालाही तेच ऐकायचे असते, की जठरच लहान केले की खाणे आपोआप कमी होईल. आणि वजन परत चढल्यावर सांगितले जाते की शस्त्रक्रिया हे केवळ साधन होते, ते वापरणे तुमच्या हातात होते. हे दुसरे वाक्य चुकीचे नाही, अनेक चांगले शल्यचिकित्सक ते पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे उच्चारतात. पण यशाच्या वेळी श्रेय शस्त्रक्रियेला आणि अपयशाच्या वेळी दोष रुग्णाला, अशा वाटणीसाठी ते वापरले जाते तेव्हा तो अन्याय असतो, आणि तो अन्याय स्पष्ट शब्दांत तसा म्हटला पाहिजे. वजनाचा आकडा माणसाच्या इच्छेने पूर्णपणे ठरत नाही याचे पुरावे जुने आहेत. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडे प्रौढपणी वजनाच्या बाबतीत एकमेकांशी मोठ्या प्रमाणात जुळतात, हे स्टंकार्ड यांनीच १९९० मध्ये दाखवले. आणि मेलबर्न येथे प्रिया सुमित्रन व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की केवळ आहार कमी करून वजन उतरवलेल्यांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरके वर्षानंतरही चढलेलीच होती. भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घ संशोधनातून दाखवून दिले आहे की दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि हा कल जन्मापासूनच दिसतो. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या शिफारशीची वजनमर्यादा खाली आणली गेली त्यामागे अशाच निरीक्षणांचा आधार आहे.

म्हणून वजनाचा जाब आणि वर्तनाचा हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, हे या लेखनाचे मुख्य प्रतिपादन आहे. काट्यावरचा आकडा हा संप्रेरके, वारसा, वय, औषधे, झोप आणि अन्न या सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम असतो, आणि त्याबद्दल माणसाला आरोपीसारखे उभे करणे हे जितके क्रूर तितकेच निरुपयोगी आहे. पण जेवायला बसून जेवणे, घास चावायला वेळ देणे, जेवताना पाणी न पिता ते अर्ध्या तासाने पिणे, ताटात आधी प्रथिनांकडे वळणे, ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर न चुकवणे, ठरलेल्या दिवशी तपासणीला जाणे, आणि आदल्या आठवड्यात काय खाल्ले गेले ते खरे सांगणे, या गोष्टी बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहेत आणि त्यांचा हिशेब त्याने द्यायला हवा. रुग्णाच्या कणवेपोटी जे लोक ही दुसरी बाजूही सोडून देतात आणि सारे काही संप्रेरकांवर ढकलतात, ते त्याच्या हातातली उरलीसुरली सत्ताही काढून घेतात. आपल्या करण्याने काही फरक पडतो हा विश्वास गेलेला माणूस फार लवकर सगळेच सोडून देतो.

यांपैकी खरे सांगणे ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. जेवणाची रोजची नोंद, म्हणजे आहारतज्ज्ञ जी वही ठेवायला सांगतात ती, पुष्कळदा अर्धीच लिहिली जाते. सकाळी एक अंडे, दुपारी अर्धी वाटी मटकीची उसळ आणि पाव पोळी, रात्री वाटीभर सूप, असे तिच्यात व्यवस्थित लिहिलेले असते. दुपारी चार वाजता डब्यातून मूठ मूठ काढून खाल्लेली शेव तिच्यात नसते. हे मुद्दाम केलेले खोटे असते असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिख्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लठ्ठ व्यक्तींचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय विशेष पाण्याच्या साहाय्याने मोजला गेला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड अणू असलेले हे पाणी प्यायला देऊन ते अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून माणसाने किती ऊर्जा खर्च केली ते काढता येते. त्यावरून असे दिसले की या व्यक्तींनी आपले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवले होते. त्या व्यक्ती लबाड होत्या असा याचा अर्थ लावण्याचे कारण नाही. जे खाल्ल्याची शरम वाटते ते मन आधी स्वतःपासूनच लपवते, आणि मग दुसऱ्याला सांगण्यासारखे काही उरतच नाही.

शरम हीच इथे कळीची गोष्ट आहे, कारण रागावल्याने माणूस सुधारतो ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे आणि ती दवाखान्यांतही मुरलेली आहे. ‘एवढं ऑपरेशन करून शेवटी हेच?’ हा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरचा हेतू वाईट नसतो, पण तो ऐकलेला रुग्ण पुढच्या तपासणीला येत नाही. दारूच्या व्यसनावर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही पद्धत नेमक्या याच अनुभवातून आली. बदलायची इच्छा आणि भीती या दोन्ही गोष्टी माणसात एकाच वेळी असतात असे धरून, त्याच्याच तोंडून बदलाची कारणे बाहेर येतील असे संभाषण करण्याची ही रीत आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की समुपदेशक जितका अधिक खडसावून बोलला तितके त्याच्याकडे आलेले मद्यपी वर्षभरानंतरही अधिक पीत होते. खाण्याच्या बाबतीत असा परिणाम अधिकच होण्यासारखा आहे, कारण दारू पूर्ण सोडता येते आणि अन्नाशी मात्र दिवसातून चार-पाच वेळा समोरासमोर यावेच लागते. प्रसंगवशात इथेच सांगितले पाहिजे की बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त प्रमाणात चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून दारूच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढत असल्याचे २०१२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे खाण्याचा हिशेब विचारताना पिण्याचाही विचारला जावा.

शरमेची आणखी एक करामत आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखलेली आहे. उपासाच्या दिवशी चुकून साध्या मिठाचा चिवडा तोंडात गेला की मोडलाच उपास, तर मग जेवूनच घ्यावे, असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात असतात. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये हेच प्रयोगशाळेत पाहिले: खाण्यावर सतत बंधन ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला तर नंतर त्यांनी कमी आइस्क्रीम खाण्याऐवजी उलट जास्तच खाल्ले, कारण पथ्य तर मोडलेच होते. शस्त्रक्रिया झालेला माणूस अशा कडक उपासात वर्षानुवर्षे असतो. एका पेढ्याने त्याचा सगळा दिवस बुडतो, बुडालेल्या दिवसाने आठवडा बुडतो, आणि तपासणीची तारीख जवळ आली की ‘थोडं उतरू दे, मग जाऊ’ असे म्हणत तो ती पुढे ढकलतो. जाण्याची खरी गरज ज्या दिवसांत असते त्याच दिवसांत जाणे अशक्य होऊन बसते, ही या दुखण्याची सर्वांत दुःखद बाजू आहे. रुग्णांचे जे आधारगट रुग्णालये चालवतात त्यांतही ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे दाखवणाऱ्यांचेच आवाज ऐकू येतात, ज्यांचे ‘नंतर’ पुन्हा ‘आधी’कडे वळू लागले ते मागच्या रांगेत जातात, आणि मग येणे थांबवतात.

घर या हिशेबात कुठे बसते, हेही पाहायला हवे. अनेक मराठी कुटुंबांत ही शस्त्रक्रिया लपवली जाते. नातेवाइकांना पित्ताशयाचे खडे काढले असे सांगितले जाते, कारण वजन कमी करण्यासाठी पोट कापून घेतले म्हणजे कष्ट न करता आडवाट धरली, असा समज आहे. एकदा ते लपवले की लग्नाच्या पंगतीत पानावर अर्धी पुरी का ठेवली, याचे उत्तर देता येत नाही. ‘अगं, एवढासा घास, माझ्या हातचा नको का?’ म्हणणाऱ्या मावशीचे प्रेम खोटे नसते, आणि तिला नाही म्हणणे हा तिचा अपमान ठरतो, म्हणून जिलबी खाल्ली जाते. ज्यांना शस्त्रक्रिया माहीत आहे त्यांच्या बोलण्याला तर दोन्ही बाजूंनी धार असते: दिवाळीच्या पहिल्या दिवशी ‘आता काय, तुझं ऑपरेशन झालंय, खा बिनधास्त’ आणि भाऊबीजेला ‘ऑपरेशन करूनसुद्धा खातेसच का गं?’ आग्रह करणाऱ्याने वाढण्याची जबाबदारी घेतली आणि खाणाऱ्याने खाल्ल्याची, अशी वाटणी आपल्या पाहुणचारात धरलेलीच नाही. वाढणारा नेहमीच निर्दोष असतो. घरच्यांना खरोखर मदत करायची असेल तर त्यांनी ताटाकडे पाहणे सोडावे आणि स्वतःच्या हाताकडे पाहावे: फरसाणाचा डबा ओट्यावर आहे की फळीवर, उरलेले अन्न संपवण्याचे काम अजून शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्याच वाट्याला येते का, आणि तिला बसून, अर्धा तास, कोणी हाक न मारता जेवता येईल अशी जागा आणि वेळ घरात आहे का.

शेवटचा वाटा दवाखान्याचा. भारतातल्या आरोग्यविम्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये जे प्रमाणित नियम केले त्यांत ठरावीक अटींवर या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात येऊ शकतो, ही चांगली सुधारणा आहे. पण तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षीच्या आहारतज्ज्ञाच्या आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटी बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या खिशातून होतात, आणि वजन चढण्याचा काळ नेमका तोच असतो. अशा काळात कोणी परत आले तर त्याला आकड्याबद्दल विचारण्याआधी शरीराची तपासणी व्हायला हवी. जठराची नळी ताणली गेली आहे का, बायपासमध्ये वेगळ्या केलेल्या पिशवीचा जुन्या जठराशी पुन्हा मार्ग जोडला गेला आहे का, जेवणानंतर दोन-अडीच तासांनी साखर एकदम खाली जाऊन हातपाय कापायला लागतात आणि म्हणून पुन्हा खावे लागते का, वजन वाढवणारी एखादी मानसिक आजारावरची गोळी किंवा इन्शुलिन मध्येच सुरू झाले आहे का, हे सगळे पाहून मग खाण्याविषयी बोलणे न्याय्य ठरेल. भूक कमी करणारी, जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवलेली औषधे आता भारतात मिळू लागली आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन चढलेल्यांना त्यांचा फायदा होतो असे दिसत आहे. ती घ्यावी लागणे म्हणजे दुसऱ्यांदा हरणे असे मानण्याचे काहीच कारण नाही, जसे रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू करताना कोणी ते मानत नाही.

त्या भेटीत रुग्णाने आपल्याबरोबर जे न्यायचे ते एवढेच: चारची शेवसुद्धा लिहिलेली वही, आणि ताबा कोणत्या वेळी, कोणत्या प्रसंगानंतर सुटतो याची जमेल तेवढी स्पष्ट आठवण. सासूशी भांडण झाल्यावर, मुले झोपल्यावर, हिशेबवर्षाच्या अखेरीला कार्यालयात थांबावे लागते तेव्हा, की काहीच कारण नसताना रविवारी दुपारी, हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नसते. वही वाचणाऱ्याने तिच्यावर लाल रेघ न ओढता, यांपैकी कोणती एक वेळ आधी हाताळू या, एवढे विचारावे आणि त्या एका वेळेपुरतेच काही ठरवावे. पुढची भेट सहा महिन्यांनी न ठेवता पंधरा दिवसांनी ठेवावी, आणि वजन उतरलेले नसले तरी यायचे आहे हे त्याला आधीच सांगून ठेवावे. त्या तारखेला तो आला नाही, तर दवाखान्यातून कोणीतरी त्याला फोन करावा.